वरच्या वर्गांपासून उघडत गेलेल्या शाळा
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शिक्षकांचा अनुभव

करोना साथीच्या काळात बंद पडलेल्या महाराष्ट्रातील शाळा वरच्या इयत्तांकडून खालच्या इयत्तांकडे उघडत गेल्या. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावी, २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवी, दुसरी लाट ओसरल्यावर ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवीपासूनचे आणि शहरांत आठवीपासूनचे वर्ग, आणि १ डिसेंबर २०२१ पासून पहिलीपर्यंतचे सर्व वर्ग, असे शासनाने ठरवलेले टप्पे होते. त्यामागे कारणे होती. मोठी मुले मुखपट्टी नीट वापरतील आणि अंतर पाळतील असे मानले गेले, आणि दहावी-बारावीच्या परीक्षांचे वेळापत्रक सर्वांच्याच डोळ्यांसमोर होते. तथापि सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील प्राथमिक शिक्षकांचा त्या दोन वर्षांतील अनुभव लक्षपूर्वक पाहिला, तर शिक्षणाचे नुकसान अगदी उलट क्रमाने, म्हणजे खालून वर गेले होते असे दिसते. ज्यांना शाळेची सर्वांत जास्त गरज होती ती मुले शाळेत सर्वांत शेवटी आली.

हा क्रम अटळ होता असे नाही. डेन्मार्कने एप्रिल २०२० च्या मध्यावर शाळा उघडल्या तेव्हा सुरुवात बालवाडी आणि प्राथमिक वर्गांपासून केली, कारण लहान मुले घरी एकट्याने शिकू शकत नाहीत आणि ती घरी असली की पालकांनाही कामावर जाता येत नाही, हा विचार तेथे प्रभावी ठरला. उरुग्वेने त्याच महिन्यात खेड्यांतील कमी पटाच्या शाळा आधी सुरू केल्या. महाराष्ट्राची परिस्थिती आणि रुग्णसंख्या या देशांहून फार वेगळी होती, त्यामुळे त्यांचे अनुकरण करायला हवे होते असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही; परंतु पाटण किंवा जत तालुक्यातील दहा-पंधरा मुलांच्या शाळेला आणि शहरातील साठ मुलांच्या तुकडीला दीर्घकाळ एकच नियम लागू राहिला, हे येथील शिक्षकांना तेव्हाही पटत नव्हते आणि आजही पटत नाही.

शाळा बंद झाल्या मार्च २०२० च्या मध्यावर. त्यानंतर काही दिवसांतच सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथे एकाच कुटुंबाशी संबंधित रुग्णांची संख्या पंचवीसच्या आसपास पोहोचली आणि राज्याचे लक्ष या भागाकडे वेधले गेले. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच, पुढे तो रद्द करून इतर विषयांच्या सरासरीवर गुण देण्यात आले. उन्हाळ्यात मुंबई-पुण्याहून लोक गावाकडे परतू लागले. पाटण, जावळी, माण आणि खटाव या तालुक्यांतील कित्येक घरांचा चरितार्थ मुंबईतील माथाडी कामावर आणि छोट्या नोकऱ्यांवर चालतो, तर सांगलीतील खानापूर-विटा आणि आटपाडी भागातील गलाई कारागीर, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे व्यावसायिक, देशभरातील शहरांत पसरलेले आहेत. ही सर्व माणसे परतली तेव्हा त्यांना चौदा दिवस वेगळे ठेवण्यासाठी गावात एकच मोठी सार्वजनिक इमारत होती, ती म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. वर्गखोल्यांत अंथरुणे पडली, फळ्याखाली पाण्याच्या घागरी आल्या, आणि शिक्षकांना जिल्ह्याच्या सीमेवरील तपासणी नाके, शिधावाटपाची दुकाने आणि घरोघरच्या आरोग्य सर्वेक्षणाची कामे मिळाली. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली, तेव्हा तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरणाऱ्यांत शिक्षक होते. या कामाचा थकवा आणि त्यातील धोका खरा होता, आणि त्या काळात काही शिक्षकांचे प्राणही गेले. परंतु या फिरण्याचा एक अनपेक्षित उपयोग असा झाला, की कोणत्या घरात कोणते मूल काय करते आहे याची माहिती शिक्षकाकडे राहिली. पुढे शाळा उघडताना हीच माहिती सर्वांत कामाला आली.

‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या नावाने राज्याने दूरस्थ शिक्षणाचा उपक्रम चालवला. व्हॉट्सॲपवर रोज अभ्यासमालेचे दुवे येत. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीसाठीची मालिका सुरू झाली. ती पाठ्यपुस्तकांवर आधारलेली आणि खेळीमेळीची होती, आणि जेथे दूरचित्रवाणी संच होता तेथे मुलांनी ती पाहिलीही. पण जतच्या पूर्व भागात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, आणि मराठीतील ही मालिका त्या मुलांच्या हातातील पुस्तकांशी जुळत नव्हती. महाबळेश्वर तालुक्यातील कांदाटी खोऱ्यात आणि कोयना जलाशयाच्या काठच्या वस्त्यांत प्रश्न भाषेचा नव्हता, मोबाईलच्या रेंजचा होता. माणदेशातील काही शिक्षकांनी साध्या फोनवरून कॉन्फरन्स कॉल लावून चार-पाच मुलांना एकत्र गोष्ट ऐकवण्याचा मार्ग काढला. त्यासाठी स्मार्टफोन लागत नव्हता आणि घरातील मोठ्यांनाही गोष्ट ऐकू जात असे. गावातील शिकलेल्या तरुण-तरुणींनी देवळाच्या ओवरीत किंवा घराच्या ओट्यावर चार मुले घेऊन बसण्याचे कामही बऱ्याच ठिकाणी केले. या प्रयत्नांचे मोल कमी लेखता येणार नाही. तरीही या सर्व साधनांचा उपयोग ज्याला आधीच वाचता येत होते त्यालाच झाला, हे शिक्षकांना वर्षभरात कळून चुकले. वाचता न येणाऱ्या मुलाला फोनवर आलेला स्वाध्याय म्हणजे केवळ एक चित्र होते.

पहिला पुनरारंभ नोव्हेंबर २०२० मधला. त्याआधी शिक्षकांची आरटीपीसीआर चाचणी, वर्गखोल्यांचे निर्जंतुकीकरण आणि पालकांची संमतीपत्रे असा कार्यक्रम होता. संमतीपत्र म्हणजे ‘माझ्या पाल्याला मी स्वेच्छेने शाळेत पाठवीत आहे’ असे लेखी कबूल करणारा कागद. तो कायदेशीर सावधगिरीसाठी आवश्यक असेल, पण ज्या आई-बापाने आयुष्यात सही करताना नेहमी काहीतरी गमावलेच होते, त्यांना या कागदाची भीती वाटली. मूल आजारी पडले तर शासन हात वर करील असा त्याचा अर्थ गावागावांत लावला गेला, आणि मुख्याध्यापकांचे कितीतरी दिवस हा समज दूर करण्यात गेले. जिथे शिक्षक स्वतः घरी जाऊन बसला तिथे सही मिळाली. जिथे कागद मुलाबरोबर पाठवला गेला तिथे तो बहुधा परत आला नाही. जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवीची तयारी चालू असतानाच १५ तारखेला ग्रामपंचायतींच्या निवडणुकांचे मतदान झाले. त्याच खोल्या मतदान केंद्रे झाल्या आणि तेच शिक्षक मतदान अधिकारी झाले. मोजक्या आठवड्यांनी दुसरी लाट आली. एप्रिलमध्ये पहिली ते आठवीची मुले परीक्षेविना वर्गोन्नत झाली, म्हणजे पुढच्या इयत्तेत गेली, आणि त्या वर्षीचा दहावीचा निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागून ९९.९५ टक्के इतका आला. निकालपत्रांवर सर्व काही ठीक होते.

७ जुलै २०२१ च्या शासन निर्णयाने प्रथमच गावाला केंद्रस्थानी आणले. ज्या गावात महिनाभर करोनाचा रुग्ण नाही तेथे सरपंचांच्या अध्यक्षतेखालील समितीने ठराव करून आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करावेत, एका बाकावर एकच विद्यार्थी आणि एका वर्गात १५ ते २० मुले असावीत, अशी ती रचना होती. या निर्णयातील विचार योग्य होता, कारण दुर्गम गावाचा धोका तालुक्याच्या सरासरीवरून ठरत नाही, हे त्यात मान्य केलेले होते. दुर्दैवाने सातारा आणि सांगलीत तेव्हा संसर्ग ओसरला नव्हता. ऑगस्टच्या सुरुवातीला राज्यातील इतर भागांत निर्बंध सैल झाले तेव्हाही ते कायम ठेवलेल्या ११ जिल्ह्यांत हे दोन्ही जिल्हे होते. त्यातच २२ आणि २३ जुलैच्या अतिवृष्टीने पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली, आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सुमारे ५५ फुटांपर्यंत चढली. २०१९ चा महापूर लोक विसरले नव्हते. विलगीकरणातून मोकळ्या झालेल्या शाळा आता पूरग्रस्तांची आश्रयस्थाने झाल्या. मिरज, पलूस, वाळवा आणि शिराळा या तालुक्यांतील नदीकाठच्या ज्या शाळांत पाणी शिरले तेथे शाळा सुरू करणे म्हणजे आधी गाळ काढणे होते, आणि भिजलेले दप्तर, म्हणजे शाळेचे अभिलेख, उन्हात वाळवणे होते.

४ ऑक्टोबर २०२१ नंतरचा पुनरारंभ टिकला, म्हणून त्याचा अनुभव अधिक तपशिलाने नोंदवण्याजोगा आहे. माध्यमिक शाळांत पहिल्या दिवशी हजेरीपटावरील नावे आणि समोर बसलेली मुले यांत मोठी तफावत होती. न आलेल्या मुलांचा शोध घेताना शिक्षकांना ती वीटभट्टीवर, पोल्ट्रीत, द्राक्षबागेत, शिरवळ-लोणंदच्या औद्योगिक पट्ट्यात आणि गुऱ्हाळांवर सापडली. दीड वर्षात त्यांच्या हाती रोजची मजुरी येऊ लागली होती, आणि घरातील कर्त्या माणसाची नोकरी गेलेल्या कुटुंबात ती मजुरी सोडून ये असे सांगणे सोपे नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेची ‘कमवा आणि शिका’ ही परंपरा या जिल्ह्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. श्रम करणाऱ्या मुलाला शाळेचे दार बंद नसावे हा तिचा गाभा होता. २०२१ मध्ये मुले कमावत होती आणि शिकणे सुटले होते, तेव्हा काही मुख्याध्यापकांनी कामावरच्या मुलांना आधी अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस बसवण्याची सवलत स्वतःच्या जबाबदारीवर दिली. नियमाच्या चौकटीत ती बसत नसेल, पण ती दिली नसती तर यांतील बरीच मुले कायमची गेली असती. मुलींच्या बाबतीत शोध याहून कठीण होता. काहींची लग्ने टाळेबंदीतच उरकली होती, आणि लग्नाला कमी माणसे बोलावता येतात व खर्च वाचतो हे कारण पालक मोकळेपणाने सांगत. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी सासरी गेलेली असताना हजेरीपटावर तिच्या नावापुढे काय लिहायचे, हा प्रश्न ज्या शिक्षकांसमोर आला त्यांच्या मनातून तो अजून गेलेला नाही.

शाळा उघडल्या, पण शाळेपर्यंत जाणारी एसटी थांबली. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला, आणि त्यामुळे पुनरारंभाचा जवळजवळ सारा काळ ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी बसविनाच गेला. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळणारा मोफत पास हा डोंगरी आणि दुष्काळी गावांतील मुलींच्या शिक्षणाचा कणा आहे. बस नसल्यावर तो पास निरुपयोगी होता. मुलगे दुचाकीवर तिघे-तिघे बसून किंवा उसाच्या ट्रॅक्टरला हात दाखवून शाळेत पोहोचत, मुलींना ते करता येत नसे. जावळी तालुक्यातील खिरखंडी या कोयना जलाशयाकाठच्या गावातील मुली तर स्वतः होडी वल्हवत पाणी ओलांडून, पुढे जंगलातून चालत अंधारी येथील शाळेत जातात, हे वृत्त जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या मुलींची होडी साथीमुळे सुरू झाली नव्हती, ती त्यापूर्वीपासून चालत होती. मार्च २०२२ मध्ये दहावी-बारावीसाठी ‘शाळा तेथे परीक्षा केंद्र’ हे धोरण स्वीकारले गेले, अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी झाला आणि लेखनासाठी वाढीव वेळ मिळाला. लिहिण्याची सवय मोडलेल्या मुलांना त्या वेळेची गरज होती आणि आपल्याच शाळेत केंद्र असल्याने प्रवासाचा प्रश्नही मिटला. मधल्या काळात, ३ जानेवारी २०२२ पासून, १५ ते १८ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले होते. त्या दिवशी शाळांत सावित्रीबाई फुले यांची जयंती असते. खंडाळा तालुक्यातील नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाईंचे निधन १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना झाले, हे सांगून काही शिक्षकांनी घाबरलेल्या मुलांना लसीच्या रांगेत उभे केले.

१ डिसेंबर २०२१ रोजी पहिली ते चौथीचे वर्ग उघडले, तेव्हा प्राथमिक शिक्षकांसमोर जे मूल आले त्याचा विचार या सर्व अनुभवाच्या मध्यभागी ठेवला पाहिजे. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल त्या दिवशी प्रथमच वर्गात बसले, आणि ते दुसरीचे अर्धे वर्ष संपवून बसले. त्याला रांगेत उभे राहणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, पाटी कुठे धरायची, पान डावीकडून उजवीकडे वाचायचे, यांतले काहीच माहीत नव्हते, आणि त्याच्या पुढ्यात दुसरीचे पुस्तक होते. हे मूल द्विशिक्षकी शाळेत, म्हणजे चार इयत्तांना मिळून दोन शिक्षक असलेल्या शाळेत येते तेव्हा बहुवर्ग अध्यापन करावे लागते. एका गटाला काम देऊन दुसऱ्या गटाला शिकवण्याची ही पद्धत ज्यांना स्वतः वाचता येते अशा मुलांच्या जोरावर चालते. येथे तिसरीतील मुलेही अक्षरे विसरलेली होती, त्यामुळे पद्धतीचा आधारच निसटला. मुखपट्टीचा अडथळा वेगळाच होता. अक्षराचा उच्चार मूल कानाइतकाच शिक्षकाच्या ओठांकडे पाहून शिकते, आणि ओठ झाकलेले होते. कित्येक बाई अंगणात लांब उभ्या राहून मुखपट्टी खाली ओढून अक्षर उच्चारत आणि पुन्हा वर घेत.

सेतू अभ्यासक्रम, म्हणजे मागील इयत्तेतील राहिलेल्या भागाची उजळणी करून पुढच्या इयत्तेला जोडणारा कार्यक्रम, राज्याने जुलै २०२१ पासून ४५ दिवसांसाठी दिला होता. पाचवी-सहावीच्या मुलांना त्याचा उपयोग झाला. ज्यांना मागील इयत्ताच लाभली नव्हती त्यांच्याबाबत मात्र जोडण्यासारखे काही नव्हते. त्यांना पहिलीच शिकवायला हवी होती. या ठिकाणी साताऱ्यातील जुने काम उपयोगी पडले. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये, बीट म्हणजे विस्तार अधिकाऱ्याकडील शाळांचा समूह, प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षकांनी करोनाच्या कितीतरी आधी ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली होती. मूल वस्तू हाताळून, जमिनीवर आखलेल्या आकृत्यांवर खेळून स्वतः ज्ञान रचते हा तिचा आधार, आणि राज्यभरातील शिक्षक ती पाहण्यासाठी येत असत. फलटण येथे मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने मराठी वाचन-लेखनाच्या प्रारंभिक टप्प्यावर अनेक वर्षे काम केलेले होते. ज्या शिक्षकांच्या हाती असे काही होते त्यांनी इयत्तेचा विचार बाजूला ठेवून मुलांचे वाचनस्तरानुसार गट केले, पाठ्यपुस्तक मिटून ठेवले आणि अक्षर, शब्द, वाक्य या पायऱ्या पुन्हा चढवल्या. पाठ्यक्रम पूर्ण झाला का, असे विचारणाऱ्या तपासणीला त्यांच्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते. तरीही त्यांचाच निर्णय बरोबर होता.

हे काम जेमतेम सुरू झाले होते तोच १० जानेवारी २०२२ पासून ओमायक्रॉनमुळे शाळा पुन्हा बंद झाल्या. या वेळी पालकांचा सूर बदललेला होता. दोन वर्षांपूर्वी भीतीने मुलांना घरात ठेवणाऱ्या गावांतूनच शाळा चालू ठेवा अशी मागणी होऊ लागली, आणि दोनच आठवड्यांनी, २४ जानेवारीपासून, स्थानिक प्रशासनाला निर्णयाचा अधिकार देऊन शाळा पुन्हा उघडल्या. याच हंगामात कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांचे गाळप जोरात होते, बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांची मुले फडावर होती, आणि जत-आटपाडीकडची काही मुले आई-बापाबरोबर दुसऱ्या फडावर गेली होती; शाळा उघडण्याच्या तारखा ठरवताना या मुलांच्या पंचांगाचा विचार कोणत्याच टप्प्यावर झाला नाही.

मुलांची शैक्षणिक पातळी तपासणाऱ्या ‘असर’ या सर्वेक्षणात २०२२ मध्ये महाराष्ट्रातील ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मधील सुमारे ४२ टक्क्यांवरून सुमारे २७ टक्क्यांवर आल्याचे दिसले. तिसरीतील ही मुले म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली तीच मुले. दोन्ही जिल्ह्यांतील पहिली-दुसरीच्या शिक्षकांना हा आकडा वाचून धक्का बसला नाही, कारण वर्गात त्यांनी तो आधीच पाहिलेला होता.

शाळा उघडल्यानंतर मोबाईल घरातच राहिला आणि त्याची सवयही राहिली. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. मुले अभ्यासाला बसत नाहीत ही शिक्षकांची आणि पालकांची तक्रार तेथील ग्रामपंचायतीने मनावर घेतली, आणि ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजवून दीड तास घरोघरचे दूरचित्रवाणी संच आणि मोबाईल बंद ठेवण्याचा नियम केला. सुरुवातीला लोक हसले, तेव्हा गावातील कार्यकर्ते घरोघर फिरून आठवण करून देऊ लागले, आणि मग नियम बसला. शाळेच्या वेळेबाहेरचा दीड तास गावाने शाळेला मिळवून दिला, असे याचे वर्णन करता येईल.

वर्गोन्नत म्हणून पुढे गेलेल्या त्या मुलांच्या प्रगतिपत्रकांवर मधल्या दोन वर्षांची खूण नाही. जिल्हा परिषदेची शाळा सोडून ती मुले पाचवीला किंवा आठवीला दुसऱ्या संस्थेच्या हायस्कुलात जातात तेव्हा दाखल्यावर जन्मतारीख, इयत्ता आणि वर्तणूक एवढेच लिहिलेले असते. डिसेंबर २०२१ नंतर ज्या शिक्षकांनी वाचनस्तराच्या नोंदी साध्या वहीत ठेवल्या, त्यांच्याकडे प्रत्येक मूल अक्षरावर अडले की जोडाक्षरावर, हातच्याच्या वजाबाकीवर अडले की भागाकारावर, याचा लेखी हिशेब आहे. जून २०२० ची ती तुकडी मार्च २०३० मध्ये दहावीच्या परीक्षेला बसेल. त्या वह्या दाखल्याबरोबर हायस्कुलाकडे जाव्यात, केंद्रप्रमुखांनी, म्हणजे दहा-बारा शाळांचे शैक्षणिक पर्यवेक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, ती जबाबदारी घ्यावी, आणि हायस्कुलातील मराठी व गणिताच्या शिक्षकांनी पहिल्याच महिन्यात त्या उघडून पाहाव्यात, अशी दोन्ही जिल्ह्यांतील प्राथमिक शिक्षकांची मागणी आहे, आणि ती मान्य करायला कोणताही नवा निधी लागत नाही.